दावीदानं कुणाकुणाला पाठवलं: एका पापाची पूर्ण फाईल

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्ष दोन वर्षांनी कुणीतरी दावीद आणि बथशेबा यावर प्रवचन करतंच, आणि दर वेळी ते छतावरच अडकून पडतं. संध्याकाळची वेळ, राजा छतावर, बाई अंघोळ करतेय, नजर गेली, झालं. मग तरुण संघाच्या पोरांना मोबाईल जपून वापरा, पोरींना कपड्यांवरून एखादं वाक्य (हे असतंच), आणि शेवटची प्रार्थना. मी पण बरीच वर्षं तेच ऐकून घरी जाऊन मटण खात होतो. मग एकदा बायबल स्टडीची पाळी माझ्यावर आली तेव्हा 2 शमुवेल 11 आणि 12 हे दोन अध्याय ऑफिसची फाईल वाचावी तसे वाचले, म्हणजे कोण कुठं होतं, कुणाला काय माहीत होतं, कागद कुणाच्या हातून गेला वगैरे, आणि लक्षात आलं की छताचा मजकूर जेमतेम एका वचनाचा आहे. बाकीची फाईल वेगळ्याच गोष्टीची आहे.

आधी परिस्थिती सांगतो. काळ इ. स. पूर्व सुमारे 1000. दावीद राजा म्हणून पक्का बसलेला, राजधानी यरुशलेम, घरात बायका आहेत, मुलं आहेत, आणि पूर्वेला अम्मोनी लोकांशी लढाई चालू आहे. त्यांचं शहर राब्बा, म्हणजे आजच्या जॉर्डनची राजधानी अम्मान. अध्यायाची सुरुवातच अशी की राजे लोक लढाईला निघतात त्या दिवसांत दावीदानं यवाबाला पाठवलं आणि आपण यरुशलेमेत राहिला. यवाब म्हणजे सेनापती, नात्यानं दावीदाचा भाचा. आता सेनापतीला पाठवणं यात पाप काही नाही. पण हे जे 'पाठवलं' आहे ना, ते क्रियापद नीट लक्षात ठेवा. हिब्रूत 'शालाख'. या एका 27 वचनांच्या अध्यायात ते जवळपास डझनभर वेळा येतं.

बघा आता. बाई दिसली, राजानं चौकशीला माणूस पाठवला. उत्तर आलं की ही अलीयामाची मुलगी बथशेबा, उरीया हित्तीची बायको. म्हणजे नाव, बाप, नवरा, तिन्ही समजलं. आणि उरीया कोण ऐरागैरा नव्हता, दावीदाच्या निवडक शूरांची यादी पुढे 23 व्या अध्यायात आहे, त्यातलं अगदी शेवटचं नाव उरीया हित्तीचं आहे. त्याच यादीत अहीथोफेलाचा मुलगा अलीयाम असंही एक नाव आहे, तो हाच असेल तर बथशेबा ही राजाच्या मुख्य सल्लागाराची नात लागते. तर ही माहिती मिळाल्यावर गोष्ट तिथंच थांबायला हवी होती, माणूस एवढं ऐकून खाली मान घालून आत जातो. यानं पुन्हा माणसं पाठवली आणि तिला आणवलं.

इथं एक बाजूची गोष्ट बोलून घेतो, कारण मला याचा राग येतो. बथशेबेनं मुद्दाम दिसेल असं केलं हे जे बोललं जातं, त्याला शास्त्रात काडीचा आधार नाही. छतावर राजा होता, ती कुठं होती ते लिहिलेलंच नाही. ती विटाळानंतरची शुद्धी करत होती हे मात्र लिहिलंय. राजाची माणसं दारात येऊन उभी राहिल्यावर, नवरा लढाईवर असताना, तिनं काय म्हणायचं होतं? पुढे नाथान संदेष्टा येऊन जी गोष्ट सांगतो त्यात ती कोकरू आहे, आणि कोकराला कुणी दोष देत नाही. नाथानानं दिला नाही, देवानं दिला नाही, आपण तीन हजार वर्षांनी मंडळीत बसून देतो.

अख्ख्या 11 व्या अध्यायात बथशेबेच्या तोंडी एकच वाक्य आहे, तेही निरोपातलं. मी गरोदर आहे. हिब्रूत फक्त दोन शब्द.

आता इथपर्यंतचं पाप मोहाचं म्हणता येईल. आपल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'आम्हास परीक्षेत आणू नको' म्हणतो, लहानपणी मला ते गणिताच्या पेपरबद्दलच वाटायचं, पण मराठी शब्द चुकीचा नाहीये, ग्रीकमधल्या त्या एकाच शब्दात पारख आणि मोह दोन्ही बसतात. याकोबाच्या पत्रात क्रम दिलाय की माणूस स्वतःच्याच वासनेनं ओढला जातो, मग वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला. दावीदाच्या केसमध्ये हे अक्षरशः तसंच झालं. पण मधला टप्पा, पाप वाढण्याचा, तो आपण घाईत ओलांडतो. खरी फाईल तिथंच आहे.

निरोप आला की दावीदानं यवाबाला कळवलं, उरीयाला माझ्याकडे पाठव. यवाबानं पाठवला. दावीद त्याला विचारतो यवाब कसा आहे, लोक कसे आहेत, लढाई कशी चाललीय. किती गोड. मग म्हणतो घरी जा, पाय धू. मागोमाग राजाकडून ताटही गेलं. हिशोब सरळ होता, हा एक रात्र घरी झोपला की पोर त्याच्या नावावर. उरीया घरी गेलाच नाही, राजवाड्याच्या दाराशी चाकरांसोबत आडवा झाला. का रे बाबा विचारलं तर म्हणतो, कराराचा कोश (देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी), इस्राएल आणि यहूदा तंबूत राहतायत, माझा धनी यवाब उघड्या मैदानात पडलाय, आणि मी घरी जाऊन खाऊपिऊ, बायकोजवळ निजू? हे तो, परक्या जमातीतून आलेला हित्ती माणूस, कुणाला सांगतोय, तर जो स्वतः लढाईला न जाता मऊ गादीवर राहिला त्याला. एवढ्यावर दावीद शरमेनं खाली बसला असता तरी फाईल बंद झाली असती. दुसऱ्या रात्री त्यानं उरीयाला दारू पाजली. तरी तो घरी गेला नाही. पिऊन तर्र झालेला उरीया शुद्धीतल्या दावीदापेक्षा सरळ निघाला.

मग पत्र. सकाळी दावीदानं यवाबाला पत्र लिहिलं की उरीयाला घनघोर लढाई असेल तिथं पुढे ठेवा आणि मागे सरका, म्हणजे तो मरेल. आणि ते पत्र उरीयाच्याच हातात दिलं. मी इथं दर वेळी थांबतो. म्हणजे उरीया ते पत्र घेऊन राब्बापर्यंत गेला असणार, इमानानं, न उघडता. दावीदाला खात्री होती की हा उघडणार नाही. ज्या प्रामाणिकपणामुळं आधीचे दोन प्लॅन फसले, तिसरा प्लॅन त्याच प्रामाणिकपणाच्या भरवशावर रचला.

यवाबानं प्लॅनमध्ये थोडा बदल केला, कारण एकट्या उरीयाला सोडून सगळे मागे आले तर अख्ख्या छावणीला वास येईल, म्हणून त्यानं तटाजवळ हल्ला करवला आणि उरीयासोबत आणखी काही माणसं मेली. त्यांची नावं नाहीत, संख्याही नाही. त्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, घरी त्यांच्याही बायका असतील. छतावरच्या प्रवचनात ही माणसं कधीच येत नाहीत. यवाबानं जासूदाला पढवून पाठवलं की राजा चिडला, तटाजवळ कशाला गेलात म्हणाला, तर सांग उरीया हित्तीपण मेला. आणि दावीदाचं उत्तर ऐका, यवाबाला सांग याचं वाईट वाटून घेऊ नको, तलवार काय, आज एकाला खाते उद्या दुसऱ्याला. मूळ हिब्रूत ते 'ही गोष्ट तुझ्या दृष्टीला वाईट दिसू नये' असं आहे. दोनच वचनांनंतर अध्याय संपतो तो याच शब्दांवर, की दावीदानं केलेली ती गोष्ट परमेश्वराच्या दृष्टीला वाईट दिसली. लिहिणाऱ्यानं हे मुद्दाम केलंय यात मला शंका नाही.

बथशेबेनं नवऱ्यासाठी शोक केला, शोकाचे दिवस संपले, दावीदानं पुन्हा माणूस पाठवून तिला घरी आणलं, लग्न केलं, मुलगा झाला. बाहेरून बघणाऱ्याला तर राजानं शहीद सैनिकाच्या विधवेला आधार दिला असंच दिसलं असेल.

आता माझी स्वतःची छोटी गोष्ट सांगतो, कारण हा साखळीचा प्रकार मी स्वतः केलाय. मी पूर्वी पिग्मी कलेक्शन करायचो. रोज संध्याकाळी दुकानादुकानातून पैसे गोळा करायचे, कार्डावर सही, सकाळी ब्रँचला भरणा. एका मामींची भाजीची गाडी होती, त्यांनी एक दिवस साठलेले पाचशे एकदम दिले, माझा मोबाईलचा हप्ता थकला होता, म्हटलं शनिवारी भरू. कार्डावर सही केली, भरणा केला नाही. एवढंच. शनिवारी पैसे नव्हते. मग सोमवारच्या दुसऱ्या कुणाच्या पैशातून मामींचे भरले आणि त्या दुसऱ्याचे अडकले. मग मामींनी पासबुक भरून मागितलं तर म्हटलं प्रिंटर बंद आहे. तारखेचा घोळ दिसू नये म्हणून कार्ड हरवलं असं सांगून नवीन कार्ड करून दिलं. तीन आठवड्यांत पाचशे रुपयांसाठी मी चार माणसांशी सात आठ वेळा खोटं बोललो, आणि या तिन्ही रविवारी उपासनेत पापांगीकाराची प्रार्थना सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हटली, मोठ्यानं. त्या काळात मी पाचशेचा विचारच करत नव्हतो, पुढचा माणूस काय विचारेल एवढाच विचार. म्हणून दावीद त्या मधल्या महिन्यांत कसा जगत असेल हे मला थोडंफार कळतं. 32 व्या स्तोत्रात तो म्हणतोच, मी गप्प होतो तेव्हा माझी हाडं जिरून गेली, रात्रंदिवस तुझा हात माझ्यावर भारी होता.

आणि मग 12 वा अध्याय कसा सुरू होतो? परमेश्वरानं नाथानाला दावीदाकडे पाठवलं. इतका वेळ सगळ्यांना इकडून तिकडं पाठवणारा राजा, आता त्याच्याकडे कुणीतरी पाठवला गेला. क्षमेची सुरुवात दावीदाच्या बाजूनं झालेलीच नाही हे लक्षात घ्या, तो काही पश्चात्ताप करत बसला नव्हता.

नाथान आरोपपत्र वाचत नाही, गोष्ट सांगतो. एका गावात दोन माणसं, एक श्रीमंत, ढिगानं गुरंमेंढरं, एक गरीब, त्याच्याकडे एकच कोकरू, त्याच्या ताटातलं खायचं, त्याच्या पेल्यातलं प्यायचं, त्याच्या कुशीत झोपायचं, मुलीसारखं. श्रीमंताकडे पाहुणा आला, त्यानं स्वतःचं जनावर न कापता गरिबाचं कोकरू कापलं. दावीद स्वतः मेंढपाळ होता, पेटलाच तो. हा माणूस मरायच्या लायकीचा आहे, कोकराच्या चौपट त्यानं भरून द्यावं! निर्गम 22 मध्ये मेंढरू चोरलं तर चार मेंढरं द्यायची असा नियम आहे, तो त्याला पाठ होता. दुसऱ्याच्या केसमध्ये कायदा सगळ्यांना पाठ असतो. आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

दावीदाच्या हातात सगळं होतं, नाथानाला तिथंच संपवता आलं असतं. तो म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय. हिब्रूत हेही दोनच शब्द. बथशेबेचे दोन शब्द आणि तिच्या नवऱ्याच्या मरणानंतर महिने उलटून गेल्यावर आलेले हे दोन शब्द. आणि नाथान लगेच, त्याच वचनात, म्हणतो की परमेश्वरानंही तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस.

बायबल स्टडीत एका काकांनी इथं हरकत घेतली, आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणाले, अहो असं कसं, दावीदाच्या आधीचा राजा शौलपण 'मी पाप केलं' म्हणाला होता, त्याचं राज्य गेलं, आणि याला खून पचला? मी 1 शमुवेल 15 काढलं. शौल म्हणतो मी पाप केलं, पण लोकांच्या भीतीनं केलं. परत म्हणतो मी पाप केलं, पण आता लोकांच्या वडिलांसमोर माझा मान राख. त्याच्या कबुलीला दोन्ही वेळा शेपूट आहे. दावीदाच्या दोन शब्दांना शेपूट नाही, बाई दिसली म्हणून नाही, यवाबानं केलं म्हणून नाही, अगदी मला क्षमा कर असंसुद्धा नाही. काकांचं पूर्ण समाधान झालं नाही, माझंही पूर्ण झालेलं नाही, कारण उरीयाला कुणी विचारलं?

51 वं स्तोत्र याच प्रसंगाचं, वर तसा मथळाच आहे. आपल्याकडं भस्म बुधवारी म्हणतात, कॅथलिक लोकांच्या रोजच्या प्रार्थनापुस्तकात तर ते दर शुक्रवारी सकाळी असतं. त्यात 'तुझ्याविरुद्ध, तुझ्याच विरुद्ध मी पाप केलंय' असं वाक्य आहे आणि ते मला खटकतं, उरीयाच्या विरुद्ध नाही का केलं? काहीजण म्हणतात सगळं पाप शेवटी देवाच्याच विरुद्ध असतं. असेल. पण त्याच स्तोत्रात पुढे रक्तपाताच्या दोषातून मला सोडव असंही येतं, म्हणजे खून तो विसरला नव्हता. आणि तुला यज्ञ आवडत नाही, नाहीतर दिला असता, हे जे म्हणतो ते नुसतं काव्य नाहीये, जाणूनबुजून केलेल्या खुनाला नियमशास्त्रात यज्ञ नव्हताच, खंडणी घेऊन खुन्याला सोडायचं नाही असं गणना 35 मध्ये स्पष्ट आहे. म्हणजे दावीदाकडे द्यायला कायदेशीर असं काहीच शिल्लक नव्हतं, उरलं होतं फक्त मोडलेलं मन, तेच त्यानं पुढे केलं.

क्षमा मिळाली, पण झालेलं काही परत फिरलं नाही. बाळ सातव्या दिवशी गेलं. सात दिवस दावीद उपाशी जमिनीवर पडून होता, आणि गेल्याचं कळल्यावर उठला, अंघोळ केली, देवाच्या घरी जाऊन आला, जेवला, म्हणाला मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे परत येणार नाही. बापाच्या पापासाठी बाळ का, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ज्यांच्याकडे पटकन असतं त्यांचा मला धाक वाटतो. पुढे दावीदाच्या मुलानं, अम्नोनानं, सावत्र बहीण तामारेवर जबरदस्ती केली, आणि तामारेला त्याच्याकडे पाठवलं कुणी? दावीदानंच, तो आजारी आहे त्याला काही करून खाऊ घाल म्हणून. कळल्यावर दावीद खूप संतापला, केलं मात्र काही नाही. माझा आपला अंदाज, याला तोंडच राहिलं नव्हतं मुलाला बोलायला. मग तामारेच्या सख्ख्या भावानं, अबशालोमानं, अम्नोनाला मारवलं, मग बापाविरुद्ध बंड, आणि त्याला सल्ला द्यायला अहीथोफेल गेला, तोच, बहुधा बथशेबेचा आजोबा. त्याच्या सल्ल्यानं छतावर तंबू ठोकून अबशालोम सगळ्यांच्या देखत बापाच्या उपपत्न्यांकडे गेला. चौपट भरून द्या असं म्हणाला होता ना, बाळ, अम्नोन, अबशालोम आणि शेवटी अदोनीया, असे चार मुलगे मोजणारे मोजतात.

तरी मधे एक गोष्ट आहे. बथशेबेला दुसरा मुलगा झाला, शलमोन, आणि परमेश्वरानं परत नाथानालाच पाठवलं, या वेळी बाळाचं नाव सांगायला. यदीद्या, परमेश्वराचा लाडका. त्याच दारातून, तोच माणूस. त्याला येताना बघून दावीदाच्या पोटात गोळा आला असेल. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी यवाबाचा निरोप येतो की आता तू स्वतः ये, नाहीतर राब्बा माझ्या नावानं ओळखलं जाईल, तेव्हा दावीद सगळी माणसं गोळा करून स्वतः गेला. उरीया ज्या तटाखाली पडला त्या शहरात.

माझ्या पाचशेचं काय झालं ते राहिलं. ब्रँचमधल्या एका मॅडमनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, प्रिंटर कधी बंद होता? मी दुसऱ्या दिवशी मामींच्या गाडीवर गेलो, सगळं सांगितलं, पैसे दिले. मामी मेथीच्या जुड्या बांधत होत्या, हात थांबवला नाही. म्हणाल्या, लेकरा, मागितले असते तर दिले असते. वरती तक्रार केली नाही, पिग्मी बंद केली नाही, नंतर माझ्या लग्नाला आल्या, आहेर घेऊन. पण त्या दिवसापासून मी काम सोडेपर्यंत रोज पैसे दिल्यावर त्या चष्मा लावायच्या आणि मी आकडा लिहून सही करेपर्यंत कार्डावरून नजर हलवायच्या नाहीत. मला कधी राग आला नाही त्याचा. क्षमा केली नाही असं मी कोणत्या तोंडानं म्हणू, आहेराची साडी बायको अजून नेसते.

डिसेंबरात संडे स्कूलच्या पोरांकडून मत्तयाचा पहिला अध्याय वाचून घेतो, ती वंशावळ. नावं वाचताना सगळी अडखळतात, हसतात. मागच्या वेळी एक सहावीतली मुलगी सहाव्या वचनाला थांबली, जिथं दावीदाला उरीयाच्या बायकोपासून शलमोन झाला असं येतं. म्हणाली, सर, तामारेचं (ही तामार वेगळी, कितीतरी पिढ्या आधीची) नाव आहे, राहाबेचं आहे, रूथचं आहे, हिचंच का नाही? मी म्हटलं, कारण तिथं उरीयाचं नाव लिहायचं होतं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, मग दोघांचं लिहायचं ना.